लेजर आणि लेसर

निवृत्तीला सात वर्षे झाली, तरी नवकारशी करून चहा घेतला की हिशेबाची वही उघडण्याची माझी सवय गेलेली नाही. घरखर्चाचा हिशेब तो केवढा. पण आखीव कागदावर आकडे बसवल्याशिवाय दिवस सुरू झाला असे मला वाटत नाही. मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. नव्या वहीच्या पहिल्याच पानावर नावे बाजूची उभी रेघ मध्ये किंचित वाकलेली दिसली. छपाई चुकली असावी म्हणून पान उलटले. दुसऱ्या पानावरही रेघ त्याच जागी वाकलेली. उजवा डोळा हाताने झाकला. रेघ सरळ झाली. डावा झाकला, रेघ पुन्हा वाकली आणि त्या जागेवरचा आकडाही पुसट झाला. दोष वहीत नव्हता, माझ्या उजव्या डोळ्यात होता.

एरवी चष्म्याचा नंबर बदलला असेल असे म्हणून कोणीही महिना-दोन महिने काढले असते. मी त्याच दुपारी नेत्रतज्ज्ञांची वेळ घेतली. याचे श्रेय माझ्या शहाणपणाला नाही. वाकलेल्या रेघेचा अर्थ मला सत्तावीस वर्षांपूर्वी कळला होता, आणि त्या वेळी मी जे केले त्याचा हिशेब माझ्या मनात अजून मिटलेला नाही. तोच आज वाचकांपुढे मांडतो आहे.

आम्ही भावंडे आईला बाई म्हणत असू. रविवार कारंज्याजवळ आमचे धान्य-किराण्याचे दुकान होते. वडील आणि थोरले बंधू दुकान पाहत, मी बी.वाय.के. कॉलेजातून एम.कॉम. होऊन बँकेत लागलो. दुकानात पोत्यांनी धान्य येई, पण घरच्या स्वयंपाकाचे धान्य बाई स्वतः निवडत असे. दुपारी खिडकीशी परात घेऊन बसायची आणि गहू, मूग, तूर यांचा एकेक दाणा बोटाखालून जाऊ द्यायची. जेवताना दाताखाली खडा आला तर ती हसून सोडून देई. पण एखादी अळी, एखादा पोरकिडा नजरेतून सुटून आधणात गेल्याचे कळले, तर त्या दिवशी तिला घास उतरत नसे. तिचा धर्म पोथीत जितका होता, तितकाच त्या परातीत होता.

१९९७ च्या उन्हाळ्यात ती नातवाला जवळ बसवून विचारू लागली, ‘यात काही हलते आहे का, पाहा रे.’ आम्हांला वाटले, मोतीबिंदू असेल. अडुसष्टावे वर्ष होते. मग एके संध्याकाळी मी बँकेतून घरी आलो, तेव्हा ती म्हणाली, ‘तुझे कपडे दिसतात, चालण्यावरून तू कळतोस, पण तोंडाच्या जागी धुके आहे.’ दाराची चौकट तिला दिसे, चौकटीत कोणी उभे आहे हेही दिसे. चेहरा तेवढा दिसत नसे.

नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांनी तिच्या हाती चौकटींचा एक लहान कागद दिला. मध्यभागी ठिपका आणि भोवती उभ्या-आडव्या रेघांची जाळी. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांच्या नावाने तो ओळखला जातो. एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहायचे आणि रेघा कशा दिसतात ते सांगायचे, एवढीच परीक्षा. उजव्या डोळ्याने बाईला रेघा वाकड्या दिसल्या. डाव्या डोळ्याने मधली जाळी दिसलीच नाही. डावा डोळा दोन-तीन वर्षांपूर्वीच गेला असावा, असे डॉक्टर म्हणाले. तिला कळले नव्हते, आम्हांलाही कळले नव्हते, कारण उजवा डोळा दोघांचे काम करत होता. एका भागीदाराने दुसऱ्याचे नुकसान वर्षानुवर्षे आपल्या खात्यातून भरावे आणि दुकान चालू आहे म्हणून कोणी वही तपासू नये, तसा हा प्रकार होता.

आजार होता पीतबिंदूच्या ऱ्हासाचा. डोळ्याच्या मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्याच्या मध्यावर काही मिलिमीटरांचा पिवळसर भाग असतो, तो पीतबिंदू. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे, डाळीतला किडा पाहणे, ही सारी बारीक कामे त्या चिमूटभर जागेवर चालतात. उतारवयात तेथे चरबीयुक्त कणांचे पिवळे ठिपके साचतात आणि पेशी हळूहळू झिजतात. हा कोरडा प्रकार. काहींच्या बाबतीत पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात, त्या झिरपतात, फुटतात आणि शेवटी व्रण करून बसतात. हा ओला प्रकार. कोरडा वर्षे घेतो, ओला आठवड्यांत नुकसान करतो. बाजूची नजर मात्र दोन्हींत बहुधा शाबूत राहते. हा विदेशी आजार नव्हे. नागपूरच्या नेत्रतज्ज्ञांनी २००६ ते २००८ या काळात आसपासच्या खेड्यांतील ४,७११ जणांचे डोळे तपासले होते. त्या कष्टकरी माणसांतही या ऱ्हासाच्या खुणा सापडल्या.

बाईच्या दोन्ही डोळ्यांत ओला प्रकार होता. नाशिकच्या डॉक्टरांनी मुंबईला पडद्याच्या डॉक्टरांकडे पाठवले. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने आम्ही दोघेच निघालो. तेथे तिच्या दंडातील शिरेत पिवळा रंग टोचून पडद्याची छायाचित्रे काढली. मग तिला बाहेर बसवून डॉक्टरांनी मला आत बोलावले आणि छायाचित्रावर बोट ठेवून स्वच्छ शब्दांत सांगितले : वाहिन्यांचे जाळे पीतबिंदूच्या मध्याखाली आले आहे. लेसरच्या किरणाने ते जाळता येईल, पण त्यावरचा पडदाही त्याबरोबर जळेल. उद्या त्यांना आजच्याहून कमी दिसेल. काहीच केले नाही, तर वर्ष-दोन वर्षांत येथला डाग डाव्या डोळ्यातल्या डागाएवढा होईल. गेलेली नजर कशानेही परत येणार नाही. विचार करा, आईंशी बोला आणि सांगा.

त्यांनी ‘आईंशी बोला’ असे म्हटले होते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे घडले त्यात त्यांचा दोष नव्हता.

बाहेर आलो. बाई बाकावर पदर सावरून बसली होती. ‘काय म्हणाले?’ मी म्हणालो, ‘लेसर करायचे म्हणतात.’ तिने भुवया उंचावल्या. ‘लेजर? ते तर तुझ्या बँकेत असते ना?’ खातेवही या अर्थाने तो शब्द तिने माझ्या तोंडून हजार वेळा ऐकला होता. मी हसलो आणि त्या हसण्याचा आधार घेऊन बाकीचे सारे गिळून टाकले. ‘हो, तसेच समज. डोळ्याचा हिशेब नीट लावतात. बरे वाटेल.’ संमतिपत्रावर मी बोट ठेवले तेथे तिने सही केली. ‘कागद वाचल्याशिवाय सही करू नका’ असे कर्जदारांच्या जामीनदारांना शेकडो वेळा बजावणारा अधिकारी मी. अनेकांना अटी मराठीत वाचून दाखवल्या होत्या. माझ्या आईला मात्र मी कागद वाचून दाखवला नाही.

उपचार पंधरा-वीस मिनिटांत आटोपला. हनुवटी टेकवायला स्टँड, डोळ्यावर बसवलेली एक भिंग, आणि हिरव्या प्रकाशाचे लखलखाट. दुखले नाही, असे ती म्हणाली. सूर्यास्तापूर्वी जेवायचे म्हणून परतीची पंचवटी सुटण्याआधी फलाटावरच आम्ही डबा उघडला. तिने पोळीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘मधला दिवा घालवला का रे त्यांनी?’ मी म्हणालो, ‘सूज आहे. उतरेल.’

खोटे बोलण्याचे कारण प्रेमच होते. आपल्या घरांत असे नेहमी घडते. व्यापारात मंदी आली तर बायकांना सांगायचे नाही, आजार मोठा असला तर आजाऱ्याला सांगायचे नाही. दुकानाच्या मालकाची नजर गेली, हे बाजारात कळले तर पत जाईल म्हणून तेही झाकायचे. माझ्या खोट्या बोलण्याची किंमत मला पुढे दोन वर्षांनी कळली.

तोवर मी लेसरविषयी मिळेल ते वाचत गेलो. त्याची कथा ग्रहणापासून सुरू होते. १९४५ च्या सूर्यग्रहणानंतर जर्मनीतील नेत्रतज्ज्ञ गेर्ड मायर-श्विकेराथ यांच्यापुढे ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिल्याने पीतबिंदू भाजलेले रुग्ण आले. तुमच्या-माझ्या पिढीला १६ फेब्रुवारी १९८० चे ग्रहण आठवत असेल. आपल्याकडे ते खंडग्रास होते, तरी भर दुपारी नाशिकचे रस्ते ओस पडले होते. खिडक्यांना पडदे लावून आम्ही घरात बसलो होतो. ती भीती खोटी नव्हती. पण त्या जर्मन डॉक्टरांच्या मनात आले, की सूर्य जर पडद्यावर इतका नेमका डाग पाडतो, तर हवा तेथे आणि हवा तेवढाच डाग पाडून रोगट भाग जाळून बंद करता येईल. प्रथम त्यांनी आरशांच्या साहाय्याने सूर्यप्रकाशच रुग्णाच्या डोळ्यात नेला. पुढे झेनॉन वायूचा दिवा आला. १९६० मध्ये थिओडोर मायमन यांनी पहिला लेसर तयार केला आणि थोड्याच वर्षांत नेत्रवैद्यांच्या हाती अगदी बारीक किरण आला.

पीतबिंदूच्या आजारात हा किरण उपयोगी पडतो का, याची अमेरिकेत अनेक वर्षे शिस्तीने तपासणी झाली. वाहिन्या मध्यापासून दूर असतील तर लेसरने नजर वाचते, असे १९८२ मध्ये दिसले. पण त्यांतल्या निम्म्याहून अधिक डोळ्यांत काही वर्षांत वाहिन्या पुन्हा उगवल्या. बाईसारख्या, मध्याखालीच वाहिन्या असलेल्या रुग्णांचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले. उपचारानंतर तीन महिन्यांनी, लेसर केलेल्यांपैकी २० टक्के डोळ्यांची नजर फार खालावली होती, न केलेल्यांपैकी ११ टक्क्यांचीच. म्हणजे उपचाराने तोटा! पण दोन वर्षांनी मोजले तेव्हा लेसर केलेल्यांचा आकडा २० टक्क्यांवरच होता आणि न केलेल्यांचा ३७ वर गेला होता.

मी हे आकडे वाचले तेव्हा बराच वेळ ते पान उघडे ठेवून बसलो. हा व्यवहार व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. बुडत्या खात्यात आज थोडे मुद्दल सोडून द्यायचे आणि उरलेले वाचवायचे. माझी आई दुकानदाराची बायको होती. १९७२ च्या दुष्काळात वडिलांनी किती उधाऱ्या सोडल्या, हे तिला तोंडपाठ होते. हा हिशेब तिला माझ्याहून लवकर कळला असता. मी तो तिच्यापुढे ठेवलाच नव्हता.

दोन वर्षे ती सूज उतरण्याची वाट पाहत राहिली. रोज सकाळी सामायिक झाले की भिंतीवरच्या तिथीच्या कॅलेंडरसमोर उभी राहायची, डावा डोळा झाकायची आणि आजचा आकडा दिसतो का ते पाहायची. आम्हांला वाटे, तिथी पाहते आहे. परात तिने सुनेच्या हवाली केली होती. पोथी कपड्यात बांधून ठेवली होती. ‘नजर आली की पुन्हा वाचीन’, असे म्हणायची.

१९९९ मध्ये नाशिकमध्येच एका तरुण डॉक्टरांकडे नेहमीच्या तपासणीला गेलो. त्यांनी मला विचारले नाही, सरळ तिच्याशीच बोलले. ‘आजी, मधला डाग आता जाणार नाही. तो लेसरचा व्रण आहे. पण डाव्या डोळ्यापेक्षा तो पुष्कळ लहान आहे, म्हणून या डोळ्याने काम करता येईल. ज्याकडे पाहायचे, त्याच्या थोडे वर किंवा बाजूला पाहा. वस्तू डागाच्या बाहेर येईल.’

रिक्षात ती काही बोलली नाही. घराच्या पायऱ्यांपाशी थांबून तिने विचारले, ‘तुला ठाऊक होते?’

‘हो.’

‘मग दोन वर्षे मी कॅलेंडरसमोर का उभी राहत होते?’

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही, आजही देता येत नाही. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती फक्त आत गेली आणि सुनेला म्हणाली, ‘ती परात आण.’

पुढचे तिचे शिकणे मी जवळून पाहिले. काळ्या कापडावर तांदूळ, पांढऱ्या कापडावर मसूर आणि मूग. डाव्या खांद्यामागून येणारा प्रखर दिवा. हातात मोठे भिंग. आणि मान किंचित तिरकी. तिच्याशी बोलताना वाटे, ती आपल्या कानाकडे पाहून बोलते आहे. वस्तुतः त्याच वेळी तिला आपला चेहरा दिसत असे. निवडलेली परात नातू पुन्हा पाहून देई. त्याला ती ‘ऑडिटर’ म्हणे. मोठ्या टायपातली पोथी आणली, तीतले पान दिवसाकाठी एक होई. दोन वर्षांपूर्वीच हे सुरू झाले असते, तर आणखी किती पाने झाली असती, हा विचार मी तिच्यासमोर कधी बोललो नाही.

एक गोष्ट मात्र मी तिला शिकवली, तेवढे माझे पुण्य. आपल्या नाशिक रोडला १९२८ पासून नोटांचा छापखाना आहे. १९९६ पासून महात्मा गांधींचे चित्र असलेल्या नोटा आल्या, त्यांच्या डाव्या कडेला अंधांसाठी उठावाची खूण असे : शंभराला त्रिकोण, पाचशेला वर्तुळ, पन्नासला चौकोन. कोऱ्या नोटा आणून मी तिचा अंगठा त्यांवरून फिरवला. चार दिवसांत ती गल्ल्यावर बसू लागली. जुन्या, मळलेल्या नोटेवर खूण झिजलेली असे. मग ती नोट बाजूला ठेवून गिऱ्हाइकाला थांबवी. एकदाही तिची बेरीज चुकली नाही. आज तिच्यासारख्यांसाठी रिझर्व्ह बँकेचे ‘मणी’ नावाचे मोबाइल ॲप आहे. २०२० पासून ते नोट ओळखून बोलून सांगते.

डोळ्यात इंजेक्शन देण्याचे उपचार नाशिकमध्ये पोहोचले, तेव्हा बाईचे डाग पक्के झाले होते. त्यांचा तिला उपयोग नव्हता. २००८ मध्ये ती गेली. तिच्या इच्छेनुसार आम्ही नेत्रदान केले. ‘यांचे डोळे तर अधू होते’, असे तेव्हा एका नातलगांनी म्हटले. वाचकांनी हे लक्षात ठेवावे, की दान होते ते पुढच्या पारदर्शक पटलाचे. मागचा पडदा खराब असला तरी पुढचे पटल दुसऱ्याच्या कामी येऊ शकते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवले पाहिजे, एवढेच.

आता माझ्या डोळ्याकडे येतो. त्या दुपारी डॉक्टरांनी ओसीटी नावाची तपासणी केली. शिरेत रंग नाही, सुई नाही. यंत्रात पाहायचे आणि पडद्याच्या थरांचा उभा छेद पडद्यावर उमटतो. कापलेल्या बर्फीचे थर दिसावेत तसा. माझ्या थरांखाली पाणी साचले होते. मी विचारले, ‘लेसर?’ ते म्हणाले, ‘ते दिवस गेले.’

ते दिवस कसे गेले, हे थोडक्यात सांगतो. २००० च्या सुमारास ‘थंड’ लेसर आला. हाताच्या शिरेतून व्हर्टेपोर्फिन हे औषध द्यायचे आणि मग ८३ सेकंद सौम्य किरण टाकून त्या औषधाला कच्च्या वाहिन्यांमध्ये जागे करायचे. पडदा भाजत नसे, पण गेलेली नजर क्वचितच परत येई. खरा पालट झाला तो वेगळ्याच दिशेने. वाहिन्यांना उगवण्याचा हुकूम देणारे एक प्रथिन शरीरात असते. नेपोलिओने फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९८९ मध्ये वेगळे करून दाखवले. त्याला रोखणारे औषध थेट डोळ्यात टोचले तर वाहिन्या जाळण्याची गरजच उरत नाही. रॅनिबिझुमॅब या औषधाची ७१६ रुग्णांवरील चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षाअखेरीस औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्क्यांची नजर टिकली किंवा फारशी घटली नाही. न घेतलेल्यांत हे प्रमाण ६२ टक्के होते. पुरी मात्रा घेतलेल्यांपैकी एक तृतीयांश जणांची नजर तर चांगलीच सुधारली. कर्करोगासाठी तयार झालेले बेव्हॅसिझुमॅब हे स्वस्त औषधही २००५ पासून डोळ्यांसाठी वापरात आले, आणि २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबची भारतीय आवृत्ती अहमदाबादच्या कंपनीने आणली. त्यामुळे मध्यमवर्गाला हा उपचार आवाक्यात आला.

पण एक फरक ध्यानात घ्या. लेसर हा एकरकमी व्यवहार होता. इंजेक्शन हा हप्त्यांचा व्यवहार आहे. आरंभी दर महिन्याला एक अशी तीन, मग डोळा पाहून अंतर वाढवायचे; पण खाते बहुधा वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते. बरे वाटले म्हणून हप्ता चुकवला की पाणी पुन्हा साचते. आपल्या लोकांना ‘एकदा काय ते करून टाका’ असे म्हणण्याची सवय आहे. या आजारात ती सवय डोळा घालवते.

पहिल्या इंजेक्शनाच्या दिवशी मुलगा बरोबर होता. मी बाहेर बसलो होतो. दार पुरते लागले नव्हते. त्याचा आवाज ऐकू आला, ‘डॉक्टर, पप्पांना एवढे सगळे सांगू नका. ते विचार करत बसतात.’ तो माझा गुणी मुलगा आहे. त्याच्या आवाजात मला माझाच, सत्तावीस वर्षांपूर्वीचा आवाज ऐकू आला. मी उठलो, आत गेलो आणि संमतिपत्र मागून घेतले. उजवा डोळा झाकून, डाव्याने, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचले. हजारो इंजेक्शनांमागे एखाद्या डोळ्यात जंतुसंसर्ग होतो आणि तो गंभीर असतो, हेही वाचले. दुखले, लाली वाढली, नजर उतरली तर रात्री-अपरात्रीही यायचे, हे वाचले. मग सही केली. बाहेर पडल्यावर मी मुलाला बाईच्या कॅलेंडरची गोष्ट सांगितली. तो लहानपणी तिचा ‘ऑडिटर’ होता. पण ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. तो बराच वेळ काही बोलला नाही.

आतापर्यंत सहा इंजेक्शने झाली. भूल देणारे थेंब टाकतात, त्यामुळे टोचणे चिमट्याहून फारसे जाणवत नाही. भीतीच अधिक असते. पाणी ओसरले आहे. रेघ अजून किंचित वाकते, पण तिच्याखालचा आकडा वाचता येतो.

आप्तेष्टांचे फोन येतात, त्यांत ‘लेसर का करून घेत नाही’ हा प्रश्न हमखास असतो. म्हणून चार गोष्टी स्पष्ट करतो. मोतीबिंदूच्या वेळी किंवा त्यानंतर ‘लेसर केले’ म्हणतात ते निराळे. तो डोळ्याचा पुढचा भाग, त्याचा पीतबिंदूशी संबंध नाही. कोरड्या प्रकारात लेसरने पिवळे ठिपके पुसले तर पुढचा आजार टळेल, अशी आशा होती. २००६ मध्ये संपलेल्या मोठ्या चाचणीत ती खरी ठरली नाही. तेव्हा तशी जाहिरात दिसली तर सावध राहावे. लेसर पुरता बाद झाला आहे, असेही नाही. वाहिन्यांना फुग्यांसारख्या गाठी येणारा एक प्रकार आपल्या आशियाई लोकांत अधिक आढळतो; त्यात थंड लेसर इंजेक्शनच्या जोडीला आजही वापरतात. कोणाला काय लागू, हे पडद्याच्या डॉक्टरांनी ठरवायचे.

गोळ्यांविषयी. क आणि ई जीवनसत्त्वे, जस्त, तांबे, ल्युटिन आणि झियाझँथिन यांच्या ठरावीक मिश्रणाचा उपयोग मधल्या टप्प्यातील आजार पुढे सरकण्याचा धोका कमी करण्यापुरता सिद्ध झाला आहे. निरोगी डोळ्याला आजार होऊच नये म्हणून त्या घेण्यात अर्थ नाही. यांतले ल्युटिन बहुधा झेंडूच्या फुलांपासून काढतात. पण मऊ कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. आपल्या घरांत हे विचारून घ्यावे. शाकाहारी पर्याय मिळतात. आपण कंदमुळे खात नाही, गाजर खात नाही, म्हणून डोळे जातील ही भीतीही व्यर्थ आहे. पीतबिंदूला हवे असलेले ल्युटिन पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्यांत आणि मक्यात असते. तिथी सोडून इतर दिवशी त्या ताटात असाव्यात. धूम्रपान मात्र या आजाराचा मोठा मित्र आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाने आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून सरळ रेघांकडे पाहावे. आम्सलरचा कागद नसेल तर न्हाणीघरातल्या फरशा, दाराची चौकट, दुकानातली आखीव वही, काहीही चालेल. दोन्ही डोळे उघडे ठेवून ही परीक्षा करू नये. चांगला डोळा वाईटाची बाजू सावरून घेतो आणि नुकसान कळू देत नाही. रेघ वाकली, मध्ये डाग आला, तर दिवाळी, लग्न, सीझन काही न पाहता त्या आठवड्यात डॉक्टर गाठावा.

बाईच्या घरची रीत अशी, की संवत्सरीला लहान-मोठे सारे एकमेकांची क्षमा मागतात. १९९९ च्या संवत्सरीला मी तिच्यापुढे हात जोडले आणि नाव घेऊन त्या दोन वर्षांची क्षमा मागितली. तिने माझ्या कानाकडे पाहिले, म्हणजे मला पाहिले, आणि म्हणाली, ‘क्षमा तर केलीच. पण पुन्हा कोणाला असे थांबवून ठेवू नकोस.’

माझ्या वहीत आता एक पान इंजेक्शनांचे आहे. तारीख, खर्च आणि त्या दिवशीची नजर. मुलगा दुकानात जाण्यापूर्वी रोज विचारतो, ‘पप्पा, आज रेघ कशी आहे?’ मी डावा डोळा झाकतो, पाहतो आणि जशी दिसते तशी सांगतो.